‘द हॉन्टिंग’ का फसला, आणि वाड्यातली भयकथा पडद्यावर नेताना काय जपावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शर्ली जॅक्सन यांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस’ ही कादंबरी वाचून आपण हादरलात, आणि त्याच भरात तिच्यावरून यान द बाँट यांनी केलेला १९९९ चा ‘द हॉन्टिंग’ हा चित्रपट पाहिलात. भीती वाटली नाहीच, शिवाय कादंबरीने मनात उभे केलेले घरही मोडून पडल्यासारखे झाले. संभाजीनगरमधील मित्रांनी ‘पुस्तक वेगळे, सिनेमा वेगळा, तुलना करूच नये’ असे सांगून विषय मिटवला. आपल्याला मात्र अंबाजोगाईच्या आजोळच्या वाड्यात नारायण धारपांच्या एका कथेवर लघुपट करायचा आहे, आणि म्हणून हा चित्रपट नेमका कशामुळे फसला हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी बरीच वर्षे नभोनाट्ये लिहिली आहेत, कथा-कादंबऱ्यांची रूपांतरे केली आहेत आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांत पटकथेच्या कार्यशाळा घेत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुलना अवश्य करावी, फक्त ती कशाच्या आधारे करावी हे आधी ठरवावे. कथानक किती बदलले, पात्रे किती गाळली, शेवट तोच ठेवला की नाही, या गोष्टी मोजून काहीच हाती लागत नाही. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’ला धारपांच्या ‘आजी’ या कथेतून बीज मिळाले, पण पडद्यावर आली ती १९१८ पासून १९४७ पर्यंत पसरलेली लोभाची गोष्ट; एवढे बदलूनही तो चित्रपट माणसाला धरून ठेवतो. धारपांनी स्वतः स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली तेव्हा अमेरिकेतले गाव मराठी मातीत आणून वसवले. बदल हा रूपांतरकाराचा हक्क आहे. मूळ लेखकाने जो प्रश्न जाणूनबुजून उघडा ठेवला आहे तो रूपांतरकाराला ओळखता आला का, आणि ओळखल्यावर त्याने तो उघडा ठेवण्याचे धैर्य दाखवले का, एवढेच मी पाहतो. १९९९ चा ‘द हॉन्टिंग’ या कसोटीवर पहिल्या अर्ध्या तासातच घसरतो.

कादंबरीतला तो प्रश्न एलिनॉर व्हान्स या बाईभोवती आहे. ती बत्तीस वर्षांची आहे. अकरा वर्षे तिने अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा केली आहे. तिचे तारुण्य त्या एका खोलीत संपले आहे. आई गेल्यावर ती बहिणीच्या संसारात उपऱ्यासारखी राहते आहे. बहिणीबरोबर निम्म्या भागीदारीने घेतलेली मोटार न विचारता काढून ती झपाटलेले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिल हाऊस या घराकडे निघते, हे तिच्या आयुष्यातले पहिले बंड आहे. अशी बाई आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. भाऊ पुण्याला, वडील गेलेले, आणि वाड्याच्या माजघरात आईची पथ्ये, औषधे आणि रात्रीची हाक सांभाळत चाळिशी गाठलेली मुलगी प्रत्येक गावात एखादी तरी असते, आणि तिच्या मनात आईबद्दल माया आणि चीड या दोन्ही किती घट्ट विणलेल्या असतात याविषयी गावात कुणी बोलत नाही. जॅक्सन यांनी नेमके तेच लिहिले आहे. आई गेली त्या रात्री तिने भिंतीवर ठोके देऊन मला हाक मारली होती, आणि मी उठले नाही, असे एलिनॉर सांगते. मग कदाचित आपण जाग्या झालो असू आणि पुन्हा झोपलो असू, अशी शंकाही तीच बोलून दाखवते.

आता हिल हाऊसमध्ये रात्री भिंतींवर आणि दारांवर ठोके पडू लागतात, तेव्हा वाचकाच्या कानात कोणते ठोके घुमतात याचा विचार करा. अर्धवट झोपेत एलिनॉर ‘आले, आई’ असे म्हणत उठते. तो आवाज घराचा आहे, आईचा आहे, की अपराधाने पोखरलेल्या मनाचा आहे, हे कादंबरी कुठेही ठरवून देत नाही.

या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि मराठवाड्यातल्या वाचकाला तो इतरांहून लवकर उमगायला हवा. एलिनॉर बारा वर्षांची असताना, वडील जाऊन महिनाही झाला नव्हता, तिच्या घरावर तीन दिवस दगडांचा वर्षाव झाला होता. आई शेजाऱ्यांना दोष देत राहिली आणि मुलींना दुसरीकडे हलवल्यावर दगड थांबले. अतिमानुष घटनांचा अभ्यास करणारे डॉ. माँटेग्यू तिला हिल हाऊसमध्ये बोलावतात ते याच जुन्या नोंदीमुळे. आपल्याकडे याला भानामती म्हणतात. घरावर दगड पडणे, कपडे आपोआप पेटणे, अंगावर फुल्या उमटणे अशी प्रकरणे मराठवाड्याला नवीन नाहीत, आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ती तपासली तेव्हा त्यांच्या मुळाशी बहुधा घरातलीच एखादी कोंडलेली, दबलेली, कुणी ऐकून न घेतलेली व्यक्ती सापडल्याचे त्यांनी वेळोवेळी लिहिले आहे. जॅक्सन त्या तपासणीच्या निष्कर्षापर्यंत जात नाहीत, कारण त्यांची कादंबरी अतिमानुषाची शक्यता शेवटपर्यंत जिवंत ठेवते. पण दगडांचा उगम मुलीच्या आत असू शकतो ही शक्यता त्या सुरुवातीलाच पेरून ठेवतात. त्यामुळे पुढे हिल हाऊसमध्ये जे जे घडते ते घर एलिनॉरला करते आहे की एलिनॉर घराकरवी करते आहे, हा संशय वाचकाची पाठ सोडत नाही.

१९९९ च्या चित्रपटाने हे दगड काढून टाकले. माझ्या मते सारी पडझड तिथून सुरू होते. डेव्हिड सेल्फ यांच्या पटकथेत एलिनॉर येते ती निद्रानाशावरील संशोधनाची जाहिरात पाहून, संशोधक डॉ. मॅरो प्रत्यक्षात भीतीचा अभ्यास करत असतात आणि ते सर्वांपासून लपवतात. ही कल्पना वाईट नाही. फसवून आणलेली माणसे, त्यांच्यावर लक्ष ठेवणारा डॉक्टर आणि प्रयोगापलीकडे काही खरेच घडते आहे का ही शंका, एवढ्या भांडवलावर चांगला चित्रपट उभा राहू शकला असता. पण चित्रपट ही कल्पना मध्येच टाकून देतो आणि दगडांच्या जागी रक्ताचे नाते आणतो. घर बांधणारा ह्यू क्रेन हा कापड गिरण्यांचा मालक होता, त्याने बालकामगारांचे बळी घेतले, त्या मुलांचे आत्मे घरात अडकले आहेत आणि एलिनॉर ही क्रेनच्या दुसऱ्या पत्नीची वंशज असल्याने त्यांची सुटका तिनेच करायची आहे, असा सगळा उलगडा होतो. शेवटी क्रेनचे भूत प्रचंड आकाराने समोर येते, एलिनॉर त्याला सामोरी जाते आणि मरते, आणि तिचा आत्मा मुलांसह वर जातो.

यात काय गमावले ते नीट पाहिले पाहिजे. भुताला नाव मिळाले, चेहरा मिळाला, गुन्हा मिळाला आणि शिक्षाही मिळाली. एवढे सगळे मिळाल्यावर प्रेक्षकाने घाबरायचे कशाला? तो आता फक्त निकालाची वाट पाहतो. एलिनॉरचा एकाकीपणा हा कादंबरीचा कणा; चित्रपटात तिला उदात्त कार्य मिळाल्याने तो एकाकीपणा पुसला जातो आणि ती उद्धारकर्ती होते. कादंबरीच्या अखेरीस डॉक्टर तिला तिच्याच भल्यासाठी घरातून परत पाठवतात, आणि जिथे आयुष्यात प्रथमच आपण कुणाच्या तरी आहोत असे वाटले ते घर सोडवत नाही म्हणून ती मोटार झाडावर घालते. अगदी शेवटच्या क्षणी तिचे मन लख्ख होते आणि आपण हे का करतो आहोत, कुणी आपल्याला थांबवत का नाही, असे तिला वाटते. तो क्षण वाचल्यावर येणारा काटा कोणत्याही महाकाय आकृतीने येणार नाही, कारण तो आपल्या ओळखीच्या माणसाबद्दलचा आहे.

रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली याच कादंबरीवर केलेला कृष्णधवल ‘द हॉन्टिंग’ आपण अजून पाहिलेला नाही असे आपल्या पत्रावरून दिसते. तो आधी पाहा, आणि शक्य असल्यास चांगले हेडफोन लावून पाहा. पटकथाकार नेल्सन गिडिंग यांना कादंबरी वाचताना ही सगळी एका बाईच्या मनोभंगाची कहाणी असावी असे वाटले होते. वाइज यांच्यासह ते जॅक्सन यांना भेटले, तेव्हा कल्पना चांगली आहे, पण माझी कादंबरी अतिमानुषाचीच आहे, असे जॅक्सन यांनी सांगितले. गिडिंग यांनी ते ऐकले, आणि तरीही आपली शंका पटकथेत शिल्लक ठेवली. त्या शिल्लक राहिलेल्या शंकेतच चित्रपटाचा जीव आहे. लेखिकेचे म्हणणे आणि वाचकाचा संशय हे दोन्ही एकाच प्रसंगात नांदू शकतात हे ज्याला कळते तोच भयकथेचे रूपांतर करू शकतो.

वाइज मुळात संकलक होते. ‘सिटिझन केन’चे संकलन त्यांचे आहे. दिग्दर्शनाचे पहिले धडे त्यांनी १९४० च्या दशकात व्हॅल ल्यूटन या निर्मात्याच्या हाताखाली, कमी पैशांत न दाखवता घाबरवणाऱ्या भयपटांत गिरवले होते. १९६३ च्या चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. दारावर ठोके पडतात, दाराची मूठ हळूच फिरते, आणि पुढे एका प्रसंगात जाडजूड दार आतल्या बाजूला फुगते, जणू पलीकडून कुणी छातीने रेटते आहे. ते दार पातळ थरांच्या लाकडाचे होते आणि मागून माणूस ते दाबत होता, एवढीच ती करामत. खोल्यांच्या कडा किंचित वाकड्या दिसाव्यात म्हणून वाइज यांनी पॅनाव्हिजन या लेन्स बनवणाऱ्या कंपनीकडून अजून पूर्ण निर्दोष न झालेली ३० मिलिमीटरची रुंद कोनाची लेन्स मागून घेतली, कारण कादंबरीतल्या घराचा प्रत्येक कोन अंशभर चुकलेला आहे आणि तो दोष त्यांना नजरेला जाणवायला हवा होता, कळायला नको होता. आवाज आधी ध्वनिमुद्रित करून चित्रणाच्या वेळी नटांना ऐकवले जात, म्हणून त्यांचे दचकणे खरे वाटते.

हाताचा प्रसंग मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवतो. अंधारात एलिनॉर झोपलेली आहे, भिंतीपलीकडून पुटपुटणारा पुरुषी आवाज आणि लहान मुलाचे विव्हळणे ऐकू येते आहे, आणि ती घरात सोबत राहायला आलेल्या थिओडोराचा हात घट्ट धरून आहे असे तिला वाटते. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवर आणि एलिनॉरच्या डोळ्यांवर खिळलेला आहे. दिवा लागतो तेव्हा थिओडोरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. मग तो हात कुणाचा होता, हे एलिनॉर विचारते आणि चित्रपट उत्तर न देता पुढे जातो. या प्रसंगाला जवळजवळ काहीच खर्च आलेला नाही. प्रेक्षकाने आवाज ऐकला, चेहरा पाहिला, आणि उरलेले त्याने स्वतःच्या आठवणीतून भरले. त्या चित्रपटात मला एकच उणे जाणवते: एलिनॉरचे मनातले बोलणे काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त ऐकवले आहे. एलिनॉर झालेल्या ज्युली हॅरिस यांचा चेहरा जे सांगतो आहे तेच शब्दांनी पुन्हा सांगितले जाते. रेडिओवर आम्हाला चेहरा नसल्याने ते करावे लागते. पडद्यावर ते जपून वापरावे.

यान द बाँट यांच्याकडे कौशल्य नव्हते असे मी म्हणणार नाही. ‘डाय हार्ड’चे छायाचित्रण त्यांचे होते, ‘स्पीड’ आणि ‘ट्विस्टर’ त्यांनीच केले, आणि वेगाचा थरार त्यांना उत्तम समजतो. पण वेगाच्या चित्रपटात धोका दिसला पाहिजे, तो कुठून येतो आणि किती जवळ आला हे प्रेक्षकाला सतत कळले पाहिजे. तोच नियम त्यांनी या घराला लावला. म्हणून पलंग माणसाला जखडतो, कोरीव मुलांचे चेहरे वळतात, पुतळे हलतात, छत खाली वाकते. घराची बाह्य दृश्ये इंग्लंडमधील हार्लॅक्स्टन मॅनरची आहेत आणि आतली सजावट खरोखर भव्य आहे, परंतु तिच्या प्रत्येक इंचाला काहीतरी करायला लावल्यामुळे कोणत्याच इंचाची धास्ती उरत नाही. ठोके याही चित्रपटात आहेत, आईच्या काठीची आठवणही आहे. मात्र त्या आवाजाला लवकरच क्रेन नावाचा मालक मिळतो आणि आई विस्मरणात जाते. लिली टेलर यांनी एलिनॉर मनापासून केली आहे. त्यांना पटकथेने साथ दिली नाही.

पैशाचा मुद्दा आपण काढलात म्हणून लिहितो. या चित्रपटाचा खर्च सुमारे ८ कोटी डॉलर होता आणि जगभरातून त्याने दुपटीहून अधिक मिळवले, त्यामुळे व्यापाराच्या अर्थाने तो बुडाला असे म्हणता येत नाही. तो जुलै १९९९ मध्ये लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ सर्वत्र प्रदर्शित झाला, ज्यात चेटकीण एकदाही दिसत नाही, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ‘द सिक्स्थ सेन्स’ आला. दोघांनीही ‘द हॉन्टिंग’पेक्षा बरेच जास्त उत्पन्न मिळवले. ‘आजच्या प्रेक्षकाला भूत दाखवावेच लागते’ असे जे निर्माते सांगतात, त्यांच्यासमोर अमेरिकेतला तो एक उन्हाळा ठेवावा.

आता आपल्या लघुपटाकडे येतो. आपण कळवले आहे की वाडा चौसोपी आहे, ढेलज (दिंडीदरवाजालगतची ओसरी) आणि बळद (धान्य साठवण्याची बंदिस्त जागा) अजून शाबूत आहेत आणि मागच्या दोन खणांवर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत आहे. मग आपल्याला संगणकीय दृश्यांची गरजच नाही. माळवदाच्या घरात झोपलेला माणूस जाणतो की वर कुणी चालले तर पावलांचा आवाज दबका येतो आणि तुळयांवरच्या फळ्यांच्या सांध्यांतून माती अंथरुणावर झरते. शेजारची माळवदे एकमेकांना लागून असतात, म्हणून वर चालणारा कोण आणि कुठून आला हे खालच्याला सांगता येत नाही. आपल्या कथेतला तो ठोक्यांचा प्रसंग मातीच्या त्या झरण्यावर उभा करा. रात्री कुणीही आत नसताना वाड्याच्या प्रत्येक भागात किमान दहा मिनिटे नुसता रूम टोन, म्हणजे रिकाम्या जागेचा शांततेतला आवाज, ध्वनिमुद्रित करा. ओसरीचा, माजघराचा आणि बळदाचा शांतपणा वेगवेगळा असतो आणि संकलनाच्या टेबलावर तो फरक फार उपयोगी पडतो.

परंतु एका गोष्टीचे भान ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात हजारो माणसे गेली ती याच दगडमातीच्या घरांखाली, झोपेत. त्यानंतर कित्येक महिने लातूर-धाराशिवकडची माणसे घर असूनही अंगणात किंवा पत्र्याखाली झोपत होती. छतातून पडणारी मूठभर माती इथल्या प्रौढ प्रेक्षकाच्या मनात काय जागे करील हे आपण आधी समजून घेतले पाहिजे. त्या भीतीला आपण हात घातला तर तो पात्राच्या आयुष्यातून आला पाहिजे. केवळ दचकवण्यासाठी ती माती पाडू नका. तसेच कथेत भानामती किंवा करणीचा उल्लेख ठेवणार असाल तर एखाद्या बाईला चेटकीण ठरवून पडद्यावर मोकळे होऊ नका, कारण तशा आरोपांनी खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे आणि २०१३ पासून त्याविरुद्ध राज्यात कायदाही आहे.

पटकथा लिहिताना प्रत्येक प्रसंगाच्या समासात तीन नोंदी करा: नायिकेला या क्षणी काय ठाऊक आहे, घरातील इतरांना काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला काय ठाऊक आहे. ज्या प्रसंगात तिन्ही नोंदी सारख्या येतील तिथे भीती नाही, फक्त माहिती आहे. तो प्रसंग एक तर गाळा, नाही तर कुणाची तरी नजर झाका. मूळ कथेत निवेदक सगळे जाणत असेल तर त्याचे ज्ञान कापून एकाच पात्रापुरते करा. धारपांच्या पुष्कळ कथांत शेवटी एखादा जाणकार माणूस येऊन उलगडा करतो आणि अरिष्टाचा बंदोबस्त करतो. कागदावर तो उलगडा वाचकाला धीर देतो, पंधरा मिनिटांच्या लघुपटात मात्र तो सगळा वेळ खाऊन टाकतो. ते पात्र ठेवायचे असेल तर त्याला अर्धेच कळू द्या, आणि त्याच्या अर्धवट खात्रीमुळे नायिकेचे नुकसान होऊ द्या.

शेवटच्या दृश्यात आकृती दाखवावी का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. ज्या क्षणी ती दाखवाल त्या क्षणापासून प्रेक्षक तिचा रंग, तिचा वेश आणि तुमचे बजेट पाहू लागेल.

चित्रीकरणाची तारीख ठरवण्याआधी परवानगीचे काम करा. १९५७ च्या कायद्यानुसार आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. धारप २००८ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचे हक्क २०६८ च्या अखेरपर्यंत वारसांकडे आहेत, आणि विद्यार्थ्यांचा लघुपट असला तरी महोत्सवात किंवा यूट्यूबवर दाखवण्यासाठी रूपांतराची लेखी परवानगी लागते. प्रकाशकामार्फत वारसांशी संपर्क साधा, पत्रासोबत पटकथेचा कच्चा खर्डा जोडा, आणि शेवट व निवेदनाची नजर आपण बदलणार आहात हे त्यात स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे कुणाला फसवल्यासारखे वाटणार नाही. खर्डा तयार झाल्यावर मलाही पाठवा. समासातल्या त्या तीन नोंदींसह पाठवलात तर मला अधिक नेमके सांगता येईल.